घोटेमामांचे डभोईचे रविवार

घोटेमामांनी आयुष्यात कुणाचं तोंड नीट पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. त्यांची नजर माणसाच्या पायापासून सुरू होई आणि घोट्यापाशी थांबे. माझ्या लग्नात ते स्टेजवर आले, नवरीच्या पायांकडे पाहून मला म्हणाले, "डावा भक्कम आहे, सांभाळून राहा," आणि जेवायला गेले. बडोद्याच्या मांडवीच्या गर्दीत, जिथे सख्खा भाऊ भावाला चुकतो, तिथे हे खाली मान घालून चालत आणि तीस वर्षांपूर्वीच्या वर्गमित्राला नेमके हेरत. नाव मात्र त्यालाच विचारत.

मामांचे पणजोबा संस्थानच्या कुठल्याशा खात्यात बडे अधिकारी. घरात त्यांचा तलवारीसकट फोटो होता. त्या फोटोबद्दल मामांची एकच तक्रार होती : फोटोग्राफरनं तो कमरेपर्यंतच काढला.

हे मामा आमच्या कंपनीच्या फुटबॉल टीमचे निवडकर्ते, आणि मी त्याच टीमचा राखीव गोलकीपर. मी बाकावर इतकी वर्षं बसलो की तो बाक पुढे हलवायचा झाला तेव्हा माझी परवानगी घेतली गेली. कंपनी दरवर्षी तीन कोवळी पोरं ट्रेनी म्हणून घ्यायची. दिवसा कारखाना, चारनंतर मैदान. पोरं हुडकून आणायचं काम मामांचं. बडोद्यात तेव्हा ज्याला कुणी बॅटला हात लावू देत नसे तोच फुटबॉलकडे वळे. या गाळातून मामा रत्नं काढत, आणि रत्नं काढल्याबरोबर हरवत.

एका वर्षी त्यांनी मांडवीतला एक गरबावाला आणला. पायांत असं काम की चेंडू त्याला चिकटलेला वाटावा. पण पोरगा लहानपणापासून गरब्याच्या फेरात वाढलेला, त्यामुळे तो एकाच बाजूला वळायचा. समोरच्या टीमच्या हे तिसऱ्या मिनिटाला लक्षात आलं. आमच्या कोचच्या तिसऱ्या महिन्यात. नवरात्रात तो ऑर्केस्ट्राबरोबर गेला तो परत आलाच नाही. दुसरा कारेलीबागेतला. त्याच्या आईनं मामांच्या हातात क्लासचं टाइमटेबल ठेवलं. भौतिक आणि रसायन यांच्या मध्ये पोरगा पंचवीस मिनिटं मोकळा होता. तेवढ्यात तो दोन गोल करून जायचा, हे मी स्वतः पाहिलंय. पुढे तो अमेरिकेला गेला. तिसरा शेअरबाजारात पडला. ते दिवसच तसे होते, पानवालासुद्धा चुना लावता लावता भाव सांगायचा.

बाकीच्यांची कथा एकच. नोकरी पक्की झाल्याचा कागद हातात पडला की पोराचे बूट माळ्यावर. बापाला कायमची नोकरी हवी होती, ती मिळाली. आता घाम कशाला गाळायचा? मामा अशा घरी जाऊन बसत, दिलेला चहा पीत आणि परत येत. मला म्हणत, "अरे, मी पोरगा निवडतो आणि घर त्याला परत घेऊन जातं."

मग कंपनीत नवे साहेब आले. टेबलावर कॉम्प्युटर, भिंतीवर आलेख. देशाचे दरवाजे उघडले होते आणि त्यातून येणारं वारं सगळ्यात आधी आमच्या टीमला लागलं. साहेबांनी मामांना बोलावून विचारलं की इतक्या वर्षांत आणलेल्या पोरांपैकी नोकरी पक्की झाल्यावरही आज मैदानात किती आहेत. मामांनी साहेबांच्या घोट्यांकडे पाहत प्रामाणिकपणे सांगितलं, "एकही नाही." साहेब भला माणूस. त्यांनी टीम लगेच बंद केली नाही. या वर्षी तीन नाही, एकच पोरगा घ्यायचा. सीझन संपेपर्यंत तो टिकला तर टीम राहील. नाहीतर मैदानावर गोडाऊन होईल.

त्या संध्याकाळी मामा माझ्या बाकावर येऊन बसले. कधी नव्हे ते सरळ समोर पाहत होते. म्हणाले, "रिटायर व्हायला तीन वर्षं राहिली. माझा म्हणून एक तरी पोरगा मैदानात उभा दिसायला नको का?" मी म्हटलं, दिसेल. एवढंच बोलण्यापुरता मी शहाणा होतो.

निवड चाचणीला शंभर पोरं आली. त्यात डभोईचा किरीट होता. लहानपणापासून बापाच्या किराणा दुकानात गुळाच्या भेल्या वाहिलेल्या, त्यामुळे घोटे रेल्वेच्या पुलाच्या खांबांसारखे. डभोईची छोटी गाडी तो पळून गाठायचा म्हणे. त्या गाडीचा वेग ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात विशेष वाटणार नाही, पण तो तिला गाठून, मागे टाकून, पुढच्या स्टेशनावर चहा पीत तिची वाट पाहायचा. खेळायचा बचावफळीत. त्याच्या अंगावर आलेला फॉरवर्ड भिंतीवर आपटल्यासारखा बसायचा आणि वर त्यालाच सॉरी म्हणायचा.

मामांनी या वेळी पोराला हो म्हटलंच नाही. म्हणाले, आधी घर निवडू. मला घेऊन ते एसटीनं डभोईला गेले. किरीटचे वडील, कांतिभाई, गल्ल्यावर बसले होते. कमरेला पट्टा, डोळ्यांना जाड भिंग. त्यांनी आम्हांला गोड शेव खायला घातली आणि मग नकार दिला. नोकरीला त्यांची ना नव्हती. हरकत रविवारची होती. रविवारी आजूबाजूच्या गावांतली माणसं खरेदीला येतात, आमच्या मॅचही रविवारीच. कमरेमुळे त्यांना गोणी उचलता येत नव्हती आणि परक्या माणसाच्या हातात ते तराजू देत नसत. "किरीट रमवा जाय, तो अहीं कोण बेसशे?" त्यांनी विचारलं. किरीट खेळायला गेला तर इथे बसणार कोण?

मामा म्हणाले, "हुं बेसीश."

मला वाटलं, गंमत करतायत. कांतिभाईंनाही तसंच वाटलं. मामांनी चप्पल काढली, गल्ल्याशेजारी मांडी घातली आणि समोर आलेल्या बाईला विचारलं, "बोलो बेन, शुं आपुं?" ज्यांच्या पणजोबांच्या हाती तलवार होती त्यांच्या हाती त्या दिवशी तराजू आला.

त्यानंतर तीन सीझन, एकूण एक रविवार, घोटेमामा डभोईत बसले. रविवारी सकाळी किरीट डभोईहून आलेल्या एसटीतून बडोद्याला उतरायचा आणि तीच एसटी परत निघताना मामा तिच्यात चढायचे. स्टँडवर दोघांची भेट व्हायची ती अर्धा मिनिट. मामा त्याच्या बुटांच्या नाड्या ओढून पाहायचे आणि म्हणायचे, "जा."

दुकानदार म्हणून मामा भयंकर. एक किलो तूरडाळ मागितली की सव्वा किलो जायची. घोटा दुखरा दिसला की गिऱ्हाइकाला हळद फुकट आणि ती कशी लावायची याचं पाऊण तासाचं व्याख्यान. कांतिभाई कपाळाला हात लावत. पण सहा महिन्यांत गावोगावचे लंगडे त्याच दुकानात यायला लागले आणि हिरा भागोळीपर्यंत, म्हणजे पार गावाच्या वेशीपर्यंत रांग लागली. मी ती मोजायला गेलो होतो, संध्याकाळ झाली म्हणून अर्ध्यावरून परतलो.

पहिला सीझन संपला, किरीट एकाही मॅचला चुकला नव्हता. साहेबांनी आलेखावर एक हिरवी रेघ ओढली आणि टीम राहिली. किरीटची नोकरी पक्की झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांआधी मैदानात हजर कोण, तर किरीट. फक्त एक गोष्ट झाली होती. जो पोरगा टिकावा म्हणून मामांनी एवढं केलं, त्याची एकही मॅच त्यांनी पाहिली नव्हती.

म्हणून मॅच संपली की मी एसटी पकडून डभोईला जायचो आणि मामांना ती सांगायचो. पहिल्या रविवारी मी खरं सांगितलं. एक-शून्यनं हरलो, किरीट बरा खेळला. मामा "बरं" म्हणाले आणि मिरच्या निवडायला लागले. त्यांचा तो चेहरा मला बघवेना. पुढच्या रविवारी मी किरीटला एक गोल दिला. त्याच्या पुढच्या रविवारी दोन. मग माझा हात सुटला. किरीटनं मारलेल्या चेंडूनं गोलची जाळी फाडली, चेंडू मागच्या सोसायटीत कुणाच्या तरी कढईत पडला आणि भजी तळून निघाली. मामा तराजू हातात धरून ऐकत बसायचे. गिऱ्हाइकं थांबायची. हार तर माझ्या तोंडून पुन्हा कधी निघालीच नाही.

मामा रिटायर झाले. सोमवारी कायमचे मुलीकडे नागपूरला जाणार होते. त्याआधीच्या रविवारी कांतिभाईंनी दुकान बंद ठेवलं. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. शेजारीपाजारी घाबरून विचारायला आले, घरात सगळे ठीक ना? कांतिभाई कमरेचा पट्टा आवळून मामांना घेऊन बडोद्याला आले. किरीटची मॅच दोघंही पहिल्यांदाच पाहणार होते. मी त्यांना माझ्या बाकावर बसवलं आणि स्वतः त्यांच्या नजरेआड, बाकामागे जाऊन उभा राहिलो. कारण किरीटनं त्या दिवशीही तेच केलं जे तो नेहमी करायचा : मागे उभा राहिला, कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, एकदा चेंडू भिंतीबाहेर घालवला. शून्य-शून्य. त्यानं जन्मात गोल केला नव्हता.

शिट्टी झाली. मी मामांपुढे उभा राहिलो आणि म्हटलं, "मामा, मी तुम्हांला जरा वाढवून सांगत होतो."

"ठाऊक आहे रे," मामा म्हणाले. "सोमवारचा पेपर पुढच्या रविवारी दुकानात रद्दीत यायचा. तुझी ती पाच-एकनं जिंकलेली मॅच, तिच्या निकालाच्या कागदात मी स्वतः जिरं बांधलंय. दोन-शून्य. हरलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू खरं सांगायला लागला असतास."

किरीट बूट हातात घेऊन आला आणि गवतावर बापाच्या पायाशी बसला. मग मामांनी बाकावर मांडी घातली आणि म्हणाले, "हं. आता आजची सांग."

मी सांगायला लागलो. पहिला गोल किरीटनं अर्ध्या मैदानावरून केला. सगळी मॅच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले कांतिभाई नीट ऐकू यावं म्हणून जरा सरकून जवळ बसले.