कावळ्याने अडवलेलं प्रकरण

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका मेलेल्या माणसांना वचकून असणारा लेखक अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये सापडणार नाही. नवघरचं त्यांचं घराणं मिठागरांमुळे एके काळी खाडीच्या दोन्ही काठांवर नावाजलेलं. मिठागरं गेली, बिल्डिंगा आल्या आणि हे पाच पिढ्यांची कादंबरी लिहायला बसले. पण प्रकाशकाबिकाशकाला विचारणं नाही! प्रकरण झालं की कागद गच्चीच्या कठड्यावर, शेजारी भाताचा घास, समोर हे हात जोडून. कावळा शिवला तर पूर्वज खूश. नाहीतर कागद टराटरा फाडायचे. खापरपणजोबांनी एकट्याने खाडीला बांध घातला असं लिहिलं, तेव्हा एक लंगडा कावळा तासभर नुसता बघत बसला. ‘चाळीस मजुरांनी घातला’ अशी दुरुस्ती केल्याबरोबर घास उचलला. “म्हातारा खोटं खपवून घेत न्हाय,” हे अभिमानाने म्हणाले. मी हसलो खरा, पण अंगावर काटा आला होता.

गाडी अडली ह्यांच्या आत्यापाशी. परजातीत लग्न केलं म्हणून आजोबांनी तिच्या नावाने आंघोळ केलेली. ह्यांनी लिहिलं, ‘आत्या तरुणपणीच वारली.’ सहा महिने कावळा येई, बघे, शिवत नसे. “कादंबरी पुरी न होताच मी जानार,” म्हणत हे खंगायला लागले. एका दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. गच्ची इतकी चिडीचूप, की खालच्या रिक्षासुद्धा ऐकू येईनात. कावळ्याने घास सोडून कागदावरच चोच मारली होती. भोक नेमकं ‘वारली’वर.

“अहो, तुम्ही तिला मेलेलं पाहिलंय का?” मी विचारलं.

त्यांनी त्या भोकावर बोट ठेवलं. “न्हाय. घरचे सांगायचे.”

चार दिवस विचारपूस केली. आत्या निघाली मीरा रोडला, शेअर रिक्षाच्या अंतरावर! नव्वदीची, नाक थेट ह्यांचं. ह्यांनी नव्याने लिहिलेलं प्रकरण वाचून दाखवलं. “रडत गेली म्हनून काय लिवलंस? मी हसत गेले,” ती म्हणाली. मग तिचं लक्ष ह्यांच्या हातातल्या डब्याकडे गेलं. सवयीने भात आणलेला. “माझ्यासाठी आनलास?” म्हणत तिने स्वतःच घास उचलला. हे लहान मुलासारखे रडले. मलाही आवरेना.

आता दर रविवारी हे वरणभात घेऊन तिच्याकडे जातात. कादंबरीचं विचारलं की खेकसतात, “घाई काय हाय? तिचं शेवटचं पान कोरंच ऱ्हाऊ दे.”

परवा गच्चीवर गेलो. लंगडा कावळा कठड्यावर बसला होता, तोंड मीरा रोडकडे. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी हळूच म्हटलं, “अजून नको रे.”