इंदापूरला दिलेला माझा अ‍ॅम्प

बारामतीच्या एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा खांद्याला एक लांबडी पिशवी होती. कुडाळहून निघताना गॅरेजच्या मालकांनी तीन दिवसांची सुट्टी हसत दिली. "जा, तुझी वस्तू घेऊन ये," म्हणाले. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण ज्यांच्याकडून वस्तू आणायची त्यांना मी फोनवर खरं काही सांगितलंच नव्हतं. सहज भेटायला येतोय, एवढंच.

वस्तू म्हणजे माझा गिटारचा अ‍ॅम्प. नववीत शाळा सोडून मी कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रात शिरलो, आणि पहिल्या कमाईतून तो घेतला. काळं खोकं, पुढं चंदेरी जाळी, चार बटणं. चालू केला की आधी जरा गुणगुणायचा, मग तापला की असा आवाज द्यायचा की मला बोलता येत नाही ते हा बोलतोय असं वाटावं. नऊ वर्षांपूर्वी ऑर्केस्ट्रा बंद पडला. आता हे खूळ पुरे, म्हणून रागाच्या भरात मी तो इंदापूर तालुक्यातल्या एका हार्मोनियमवाल्याला, दत्तूतात्यांना, विकून टाकला. राग आठवड्यात गेला. अ‍ॅम्पची आठवण गेली नाही. नंतर दोन नवे घेऊन बघितले. चांगले होते, पण परके.

बारामती मोठी टापटिपीची. रस्ते रुंद, स्टँडवर कॉलेजच्या मुलांची ही गर्दी. इंदापूरची गाडी लगेच मिळाली. गाव सुटलं आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आमच्याकडं नजर टेकायला कुठंतरी डोंगर असतो. इथं ती जाते ती जातेच. शेजारच्या सीटवरचे एक म्हातारबाबा माझ्या पिशवीकडं कधीचे बघत होते.

"ह्यात काय हाय? बंदूक न्हाय न्हवं?"

"गिटार आहे."

"मग काढा भाईर. फुडं ट्रॉली बसलीया. तासभर काय गाडी हलत न्हाय."

खरंच, उसाच्या ट्रॉलीचा टायर फुटून ती आडवी झाली होती. लोक उतरले, ट्रॅक्टरवाल्याला चार शिव्या आणि दोन सल्ले दिले, आणि एकेक ऊस मोडून घेतला. ज्याला शिव्या दिल्या तोच सोलायला कोयता देत होता. मलाही मिळाला. माझी हिरडी सोलवटली, पण असा ऊस मी आजवर खाल्ला नव्हता.

इंदापूरला पोचेपर्यंत दुपार झाली. भुकेनं कासावीस होऊन एका खाणावळीत शिरलो, तर समोर तळलेली चिलापी (उजनीच्या पाण्यातला चपटा मासा). मालकीणबाई माझ्या ताटाकडं बघून म्हणाल्या, "कोकणातलं दिसताय. मांजराला बी काय ठिवलं न्हाय."

तिथून वडापनं (शेअर जीपनं) तात्यांच्या गावी गेलो. देवळात सप्ताह चालू होता. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही; दोन-दोन तासांचा पहारा, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. माइकवरचं भजन ज्याच्यातून येत होतं त्याच्याकडं बघून माझे पाय थांबले. माझा अ‍ॅम्प. अंगावर खणाचा शिवलेला अभ्रा, कपाळाला हळदीकुंकू, वर झेंडूची माळ.

तात्यांनी मला लगेच ओळखलं. "देवच पावला. ज्याचा पहारा हाय त्यो कारखान्यावर उसाची गाडी घिऊन नंबरात अडाकलाय, वीणा घिऊन हुबं ऱ्हाऊन गणपाआबाचं पाय भरून आल्यात. गिटार वाजिवणारा गडी तू, घे वीणा."

वीणा माझ्या गळ्याजवळ आली आणि चिलापी आठवली. सांगितलं तर तात्या बिथरणार, अ‍ॅम्प मागायचं तोंड उरणार नाही. गप्प राहिलो तर कुणाला कळणार होतं? पण आबांनी वीणा तशीच पुढं धरली होती, मंडपातल्या माणसांचे डोळे माझ्यावर होते, आणि माझ्याच्यानं हात पुढं होईना.

"तात्या, मी आत्ताच मासे खाल्लेत."

टाळ थांबले. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी म्हणाली, "तळल्यालं का कालवणातलं?" आणि सगळा मंडप हसला.

तात्या हसले नाहीत. चूळ भरून त्यांनी वीणा स्वतःच्या गळ्यात घेतली. मला म्हणाले, "मग माझी जागा तू धर. मशीन सांभाळ. तिसऱ्या बटणाला मी कुणाला हात लावू देत न्हाय. तू लाव."

दोन तास मी अ‍ॅम्पशेजारी बसलो. बटण खरखरलं की कुठं दाबायचं ते माझ्या बोटांना अजून ठाऊक होतं. तात्यांचा आवाज फाटका, म्हातारा. पण त्या जाळीतून येताना भरीव वाटायचा.

पहारा सुटल्यावर धीर करून म्हटलं, "तात्या, मी हा परत मागायला आलोय."

त्यांनी जाळीवरची धूळ उपरण्यानं टिपली. "तू माशाचं खरं बोललास, म्हून मी बी खरं बोलतो. पोरं म्हणत्यात नवा सेट घ्या. मंडळ घिऊन द्याया तयार हाय. माझाच जीव हुत न्हाय. ह्याच्यातनं गायलं की मला माझा आवाज आवडतो. न्हाय देणार मी."

मला राग यायला हवा होता. आला नाही. म्हटलं, "मागून बघितलं."

"मागत जा. दर साली ये आन् माग."

मग आमटी-भात, शिरा, आग्रहावर आग्रह. निघताना तात्यांनी मला देवापुढं बसवलं, कुंकू लावलं आणि टॉवेल-टोपी अन् नारळ दिला. मी संकोचलो, तर तीच म्हातारी म्हणाली, "घे बाबा. मशीनच्या म्हायेरचं माणूस मोकळ्या हातानं कोण लावून देतं?"

परतीची सगळी वाट मला एकच गोष्ट कळत होती. नऊ वर्षं मला त्याची नुसती आठवण येत नव्हती, काळजीही होती: कुठं पडला असेल, कुणी पावसात ठेवला असेल. ती काळजी गेली. आठवण आहे, ती राहू दे.

कुडाळला घरात शिरलो तर आई माझ्या डोक्याकडं बघत राहिली. "ही टोपी खंयसून हाडलंस?"

"लेकीच्या घरसून," मी म्हटलं, आणि नारळ तिच्या हातात दिला.