शाळा सुटेपर्यंतची कमाई

कर्जाचं एक बरं असतं. हप्ता भरला की तो संपतो. किश्शांचं तसं नाही. एकदा घडला की तो आपल्याच नावावर राहतो आणि पाहुणे आले की कोणीतरी म्हणतंच, "मनीषा, तो कुकरचा सांग ना." गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे इतके साठलेत की त्यांना कोणी तारण म्हणून घेतलं असतं, तर आमचं कर्ज कधीच फिटलं असतं.

आधी कर्जाचं सांगते. आमचे हे, म्हणजे विजय, नागापूरला एमआयडीसीत कामाला होते. एका मित्राबरोबर त्यांनी स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. जुनी मशीन घेतली, बँकेकडून पैसे घेतले, कमी पडले म्हणून एका फायनान्स कंपनीकडूनही घेतले. वर्षभरात ऑर्डर बंद झाल्या, मशीन निम्म्या किमतीत गेली, मित्र पुण्याला गेला. हप्ते तेवढे इथेच राहिले. विजय पुन्हा दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि मी म्हटलं, मीही घरून काहीतरी करते.

आम्ही भिंगारला राहतो. मुलगी ओवी दुसरीत. तिची रिक्षा पावणेआठला येते आणि एक वाजून दहा मिनिटांनी परत सोडते. मधले पाच तास माझे. त्या पाच तासांत मी श्रीमंत होणार होते.

* * *

पहिलं काम मोबाईलवरच सापडलं. घरबसल्या टायपिंग. अडीच हजार डिपॉझिट भरायचं, पाच दिवसांत ठरलेली पानं टाईप करायची आणि महिन्याला अठरा हजार कमवायचे. ओवीच्या रिक्षाचे दोन महिन्यांचे पैसे मी बाजूला ठेवले होते, ते भरले. विजयला सांगितलं नाही. म्हटलं, एकदम पगारच दाखवू.

पाचव्या दिवशी मेसेज आला की तुमच्या चुका जास्त आहेत, करार मोडलाय, सहा हजार आठशे दंड भरा. सहाव्या दिवशी वकिलाचा फोन आला. कोर्ट, समन्स, पोलीस असे सगळे शब्द त्याने एका दमात म्हटले.

तेव्हा सासूबाई जामखेडकडच्या गावाहून आमच्याकडे आल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "कोन हाय गं?"

"वकील आहेत," मी कसंबसं म्हणाले.

"वकील? दे हिकडं." त्यांनी फोन घेतला आणि पलंगावर मांडी घातली. "वकीलसायेब, बरं झालं तुमी भेटला. आमच्या बांधाचं जरा इचारायचं हुतं."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं असावं.

"व्हय, ते येगळं मॅटर हाय, म्हनून तर इचारते. माज्या दिरानं बांध कोरलाय. दरसाली येक येक फूट. आता आमचं लिंबाचं झाड बी त्येच्यात गेलंय. त्याचं काय करायचं?"

पस्तीस मिनिटं चाललं. दीर झाला, तलाठी झाला, १९७२ च्या दुष्काळात विहीर कोणी खणली तेही झालं. शेवटी त्याने फोन ठेवला. सासूबाईंनी मला परत लावायला सांगितला. लावला, कट झाला. पुन्हा लावला, तर आमचा नंबर ब्लॉक.

मी आनंदाने रडायच्या बेतात होते. सासूबाई मात्र नाराज होत्या. फोन माझ्या हातात देत म्हणाल्या, "वकील न्हाईच त्यो. येवढं सांगितलं, पन येकदा बी म्हनला न्हाई की सातबारा घिऊन या."

अडीच हजार गेले ते गेलेच. विजयला पुढच्या महिन्यात रिक्षावाल्याकडून कळलं.

* * *

मग साड्या. यात डिपॉझिट नव्हतं. दुकानदार फोटो पाठवतो, आपण ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे, वर आपले पैसे लावायचे. पण शेजारच्या रुबीनाभाभी म्हणाल्या, "ते दुकानाचे फोटो सगळेच टाकतात. एक साडी आण, तू नेसून फोटो काढू." भाभी स्वतः घरी फॉल-पिकोचं काम करतात, त्यामुळे साड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्या बिल्डिंगमध्ये शेवटचा.

एक साडी उधारीवर आणली. ओवी शाळेत गेल्यावर मी नेसले, लिपस्टिक लावली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, कारण आमच्या घरात उजेड फक्त तिथेच येतो. भाभींनी बारा फोटो काढले.

दोन दिवस कोणी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी कॅम्पातल्या एका बाईंचा मेसेज आला. "ताई, छान आहे. केवढ्याला?"

मी लिहिलं, "साडेनऊशे. तुमच्यासाठी नऊशे."

"साडी नाही. मागे ओट्यावर कुकर आहे तो."

शहाण्या बाईने हसण्याचा इमोजी पाठवला असता. पण माझ्या आयुष्यातली ती पहिली चौकशी होती. मला ती वाया घालवायची नव्हती. मी लिहिलं, "आठशे." त्यांनी लगेच पैसे पाठवले.

पाच लिटरचा, लग्नात मामाने दिलेला कुकर मी पिशवीत घालून पोचवून आले. संध्याकाळी विजय जेवायला बसले. "भात आज वेगळा लागतोय."

"पातेल्यात केलाय. तब्येतीला चांगला असतो."

"आणि डाळ?"

"तीही."

त्यांनी डाळीचा एक दाणा दाताखाली धरला आणि तो फुटेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले.

चार दिवसांनी त्या बाईंचा मेसेज आला. "ताई, कुकरची शिट्टी होत नाही. रिटर्न पॉलिसी काय आहे?"

पैसे तर किराण्यात गेले होते. मी लिहिलं, "पैसे परत मिळत नाहीत. बदलून मिळेल."

"दुसरा कुकर आहे?"

"नाही. साडी आहे."

त्या आल्या, साडी उलटीसुलटी करून बघितली आणि घेऊन गेल्या. कुकर घरी आला. नऊशेची साडी आठशेला गेली. दुकानदाराला साडेसातशे दिले आणि मला पन्नास राहिले. शिट्टी खरंच होत नव्हती. तिची रिंग साठ रुपयांना आली.

भाभी म्हणाल्या, "विकली ना साडी? मग तोंड कशाला पाडतेस?"

* * *

त्यानंतर पोळ्या. विजयच्या वर्कशॉपशेजारी पंधरा जण एकत्र राहायचे आणि दुपारी एकत्र जेवायचे. भाजी ते करत, पोळ्या जमत नव्हत्या. रोज साठ पोळ्या, पैसे दर शनिवारी. पोळ्या विजयबरोबर सकाळीच पाठवायच्या म्हणून मी शाळेआधीचे दोन तासही कामाला लावले. विजय आणि ओवी एकाच वेळी घराबाहेर पडायचे. पोळ्यांची पिशवी विजयच्या गाडीला, दप्तर ओवीच्या पाठीला.

सगळं छान चाललं होतं. मग एक दिवस ओवीला शाळेत हस्तकलेसाठी रद्दी पेपर न्यायचे होते. तेही मी पिशवीत भरले. दोन्ही पिशव्या एकाच दुकानाच्या होत्या.

साडेदहाला शाळेतून फोन आला. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, ओवीचा वाढदिवस आहे का?"

"नाही हो."

"मग साठ पोळ्या कशाला पाठवल्यात?"

मला काय झालं ते कळलं. बाई म्हणाल्या, "मुलांनी खाल्ल्या पण. चटणी नव्हती, तरी खाल्ल्या. ओवीने सगळ्यांना वाढल्या."

मी विजयला फोन लावला, तो लागेना. मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही. एक वाजता त्या पंधरा जणांमधले वयाने मोठे असलेले साठेकाका, त्यांचाच फोन आला. मी आधीच माफी मागायला सुरुवात केली.

ते शांतपणे म्हणाले, "असू द्या वहिनी. पेपर सगळ्यांनी वाचून झाले. आता जेवायला काय करायचं तेवढं सांगा."

त्या शनिवारी त्यांनी त्या दिवसाचे पैसे कापले नाहीत. मला ते जास्त लागलं.

* * *

एवढं होऊनही मी स्वतःला चांगली आई समजत होते. कारण मी मुलीच्या वेळेतलं एक मिनिटही कामाला देत नव्हते. पालकसभेत हे मी दोन बायकांना ऐकवलंसुद्धा.

तेवढ्यात बाईंनी मुलांचे निबंध वाटले. विषय होता 'माझी आई'. ओवीच्या वहीत पाच ओळी होत्या.

"माझी आई घरी असते. मी शाळेत गेले की ती खूप काम करते. मी घरी आले की ती झोपते. पाऊस पडून सुट्टी मिळाली की सगळे नाचतात आणि आई रडते. माझी आई मला खूप आवडते पण तिला शाळा जास्त आवडते."

शेजारची बाई वाकून वाचत होती. तिने विचारलं, "तुम्ही शिक्षिका आहात का?"

मी हो म्हटलं.

घरी येताना ओवीला उसाचा रस पाजला. तिने विचारलं, "निबंध आवडला?" मी म्हटलं, "खूप." ती म्हणाली, "अजून लिहायचं होतं, पण बाई पाचच ओळी म्हणाल्या." मी त्या बाईंचे मनातल्या मनात आभार मानले.

* * *

पोळ्यांनी खांदा दुखायला लागला तेव्हा बसून करायचं काम शोधलं. या वेळी खरं मिळालं, पगार खरा, हेडफोनसुद्धा त्यांनीच दिला. काम एकच होतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कर्जाचे हप्ते ज्यांचे थकलेत त्यांना घरून फोन करायचे आणि आठवण करून द्यायची.

हो, मीच.

आमच्यावर लक्ष ठेवायला एक सर होते. कधी भेटले नाहीत, फक्त आवाज. त्यांनी सांगितलं की फोनवर स्वतःचं नाव सांगायचं नाही, सगळ्यांनी 'प्रिया' म्हणायचं. समोर स्क्रिप्ट असायची. ती वाचायची, बाकी काही बोलायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात एका बाईंना फोन लागला. शिलाई मशीनसाठी घेतलेलं कर्ज होतं. मी हप्ता म्हटल्याबरोबर त्यांनी मलाच विचारलं. "मॅडम, या महिन्यात तीन जणांचे द्यायचेत हो. कुणाचे आधी देऊ?"

हा माझ्या अभ्यासाचा विषय होता. मी सांगितलं, "आधी सोनं गहाण असेल तर त्याचं भरा. मग गटाचं, कारण तिथे शेजारच्या बायका तोंड फिरवतात. आमचं राहू द्या. आम्ही तीन फोन करेपर्यंत पुढे काही होत नाही."

अकरा मिनिटांनी सरांचा फोन आला. "मॅडम, तुमचं रेकॉर्डिंग ऐकलं."

"हो सर."

"मला एक सांगा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

एक संधी देतो म्हणाले. ओवीची फी त्या महिन्यात या पगारातून जायची होती. त्या दिवसापासून मी स्क्रिप्टच्या बाहेर एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलं.

* * *

फोन आपण लावायचा नसतो. कॉम्प्युटर लावतो. पलीकडे कोणी उचलला की मग आपल्या स्क्रीनवर नाव येतं. मार्चमधला सोमवार होता, साडेअकरा वाजले होते. कानात मशीनचा आवाज आला, मग "हॅलो", आणि मग स्क्रीनवर नाव आलं. विजय काळे. थकीत हप्ते दोन.

मला एकच माहीत होता.

कॉल ठेवता येत नव्हता. सर ऐकत असतील की नाही, तेही कळत नव्हतं. मी समोरचं वाचायला लागले. "नमस्कार सर, मी प्रिया बोलतेय. मी विजय काळे यांच्याशी बोलतेय का?"

पलीकडचा मशीनचा आवाज हळूहळू कमी झाला. बहुतेक ते चालत बाहेर आले.

"हो, बोला मॅडम."

"सर, आपले दोन हप्ते थकीत आहेत. आपण कधीपर्यंत भरू शकाल?"

मग ते म्हणाले, "मॅडम, पैशाचं सगळं आमच्या मिसेस बघतात. त्यांना विचारून सांगतो."

मी पुढची ओळ वाचली. "त्या आत्ता उपलब्ध आहेत का, सर?"

"नाही. त्या कामावर आहेत."

स्क्रिप्टमध्ये पुढे दंडाची माहिती होती. मी ती वाचायला सुरुवात केली, पण त्यांनी मध्येच थांबवलं.

"मॅडम, त्यांना एकच हप्ता माहीत आहे. दुसरा मी सांगितला नाही. आधीच खूप करतात त्या. रोज ठरवतो, आज सांगू, आणि राहून जातं. तुम्ही असल्या माणसांशी रोज बोलता. तुम्हीच सांगा, कसं सांगू?"

मी स्क्रीनकडे बघितलं. याचं उत्तर तिथे नव्हतं. सगळ्यात खालची ओळ तेवढी वाचली.

"आपण दिलेल्या माहितीची नोंद घेतली आहे, सर. आपला दिवस शुभ असो."

"तुमचाही, मॅडम."

दुपारी सरांनी ते रेकॉर्डिंग आमच्या सगळ्या प्रियांच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं होतं, "कृपया सर्वांनी ऐका. ग्राहकाशी असं बोलायचं असतं."