मोठ्या साहेबांच्या केबिनमधली चौकशी

मोठ्या साहेबांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी मी मोठ्या साहेबांच्याच केबिनमध्ये ठेवली.

कारण साधं होतं. मे महिना, आणि आमच्या वसई पूर्वेच्या कारखान्यात एसी त्या एकाच खोलीत. वर मी साहेबांची रीतसर परवानगीही मागितली. ते म्हणाले, "वापरा की! मी तेवढ्यात बाहेर चक्कर मारून येतो. चहा माझ्यातर्फे." मला त्यांच्या मोठेपणाने भरून आलं. मनवेलपाड्याला घरी जाऊन मी बायकोलासुद्धा ते कौतुकाने सांगितलं. ती भाजी निवडत राहिली.

आम्ही बाटल्यांची झाकणं बनवायचो. मी पर्सोनेल ऑफिसर, म्हणजे कंपनीच्या भानगडींवर बसवायचं झाकण.

तक्रार पॅकिंगच्या सुपरवायझरची होती. जूचंद्रची, खाडीकाठच्या शेतकरी घरातली बाई. ओव्हरटाइमचं बोलायचंय म्हणून साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि तिचा हात धरला. हात हिसडून ती तडक माझ्या टेबलाशी आली होती. "लिवून घ्या," एवढंच म्हणाली.

अशा तक्रारींसाठी समिती हवी आणि तिच्यात बाहेरची एक जाणती व्यक्ती हवी, असं सुप्रीम कोर्टाने नुकतंच सांगितलं होतं. बाहेरची म्हणून मी पापडी गावच्या एका निवृत्त टीचरना गाठलं. चर्चमध्ये मऊ आवाजात गाणाऱ्या बाई, दोन शब्द मायेचे बोलतील आणि सही करतील, हा माझा हिशोब. अकाउंट्सच्या एक बाई होत्या, आणि हेड ऑफिसचे एक अधिकारी. या अधिकाऱ्यांचा फोन मला आदल्याच दिवशी आला होता. "समिती बसवा, पण लवकर उठवा. तक्रारवाल्या बाईंना बढती देऊन भिवंडीच्या गोडाऊनला टाका. रुटीन बदली म्हणायचं."

हे आमच्या धंद्यातलं जुनं औषध. बढती इतक्या लांबची द्यायची की माणूस आपणच राजीनामा लिहितो. तिची नोकरी त्या दिवशीच गेल्यात जमा होती, आणि ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला ती आली आणि केबिनच्या उंबऱ्यावरच थांबली. साहेबांच्या खुर्चीवर त्यांचा नॅपकिन वाळत होता.

"या, बसा," मी म्हणालो.

"इथं? त्यानं हात धरला तो इथंच. आनि मी इथंच बसून सांगू? मी नाय बसनार."

टीचर माझ्याकडे वळल्या. "जागा कोणी ठरवली?"

"मी. एसी आहे ना, म्हणून..."

"अरे बाबा, गारव्याला आलोय का आपण? उचल खुर्च्या!"

मऊ आवाज चर्चसाठी राखीव होता, हे मला तेव्हा कळलं. खुर्च्या डोक्यावर घेऊन मी कँटीनकडे निघालो, मागून समितीची मिरवणूक. पॅकिंगच्या बायकांनी ते पाहिलं आणि एकेक करून त्या कँटीनबाहेर येऊन बसल्या. साहेब चक्कर मारून परतले तर मशीनं गप्प.

"कामं का बंद?"

"बंद कुठं? आमी आमच्या बाईची वाट बगतोय," एकीने बसल्या जागेवरून सांगितलं. साहेब केबिनमध्ये गेले. एसी चालू होताच.

आत तिने सगळं सांगितलं. न रडता, न थांबता. अकाउंट्सच्या बाई शेवटपर्यंत पंख्याकडे बघत होत्या. मग अधिकाऱ्यांनी गोड हसून बढतीचं काढलं. भिवंडी, पगारवाढ, "तुमच्याच भल्यासाठी."

ती म्हणाली, "हात त्यानं धरला, आनि भिवंडीला मी जाऊ? त्याला धाडा की. बढती पन त्यालाच द्या."

मला हसू फुटलं. अधिकाऱ्यांना फुटलं नाही. "पर्सोनेल ऑफिसर," ते म्हणाले, "ही रुटीन बदली आहे, हे समितीला सांगा."

आजवर मी असल्या वेळी 'होय सर' म्हणत आलो होतो. बाहेर बायकांची कुजबुज चालली होती, टीचर चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. मी ठणकावून सांगितलं, "नाही. ही रुटीन नाही. तक्रार केली म्हणून आहे. काल फोनवर तुम्हीच सांगितलंत."

बदली झाली नाही. टीचरनी माझं वाक्य अहवालात लिहून घेतलं आणि ती होऊच दिली नाही. पावसाळ्यानंतर मोठे साहेब 'वैयक्तिक कारणांमुळे' कंपनी सोडून गेले, तेही शाल-श्रीफळ घेऊन. आमच्याकडे मोठ्या माणसाला काढायचं तर पायघड्या घालून काढतात. निरोपाचं भाषण मला सांगितलं होतं. मी केलं नाही. पॅकिंगमधलं कुणी फिरकलं नाही, आणि बटाटेवडे गार होऊन गेले. माझी पगारवाढ त्या वर्षी अडली. अडू दे! पुन्हा विचारलं असतं तरी मी तेच बोललो असतो.

हे सगळं मी एकदा पॅकिंगमध्ये उभा राहून तिला जरा रंगवून सांगितलं. "तुमच्यासाठी हेड ऑफिसला ठणकावलं मी त्या दिवशी!"

तिने झाकणांची पिशवी बांधली, गाठ ओढून पाहिली.

"ठनकावलं? साहेब, आवाजावरनं मला तर वाटलं तुमी पानी मागताय."