सरदाराची भाकरी

आमच्या गावात सरदाराचा पुतळा उभा राहिला, तेव्हा स्मारक समितीचा चिटणीस मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं दुसऱ्या कुणाच्या माथी मारायचा मोह मला होईल.

त्याआधी तिथे, मांद्र्याला जाणाऱ्या रस्त्यालगत, आमच्या माडाच्या बागेच्या टोकाला गुडघाभर उंचीचा एक जांभा दगड होता. त्याला ना नाव, ना चेहरा. बाबा त्याला 'आपलो' म्हणत. हा दगड मराठ्यांच्या एका सरदाराचा; तो जखमी झाला, घोडा मेला म्हणून पायी चालत आमच्या दारात आला, भाकरी मागितली आणि भाकरी तव्यावर असतानाच त्याने प्राण सोडला, अशी घरातली कथा. म्हणून पहिली भाकरी त्याची. ती दगडावर ठेवल्याशिवाय घरातल्या कर्त्या पुरुषाने जेवायचं नाही. मी डिचोलीला नोकरीला होतो. सुट्टीत आलो की थट्टा करायचो, "बाबा, तुमच्या सरदाराक पंख फुटले, कावळो होऊन जेवता." ते हसायचे आणि हात धुऊन पानावर बसायचे.

निवृत्त होऊन गावी आलो आणि समितीत शिरलो. घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला पुतळा ठरला. जुन्या दगडाचं काय करायचं, असं गवंड्याने विचारलं, तेव्हा मीच ऐटीत म्हणालो, "चौथऱ्याच्या पायात घाला. मान राहील." सगळ्यांनी माना डोलावल्या. नारळ फोडून आम्ही दगडावर काँक्रीट ओतलं.

बाबांची आठवण तोवर जायला लागली होती. आई गेली हे ते विसरायचे, माझं नाव विसरून नुसतं 'झिला', म्हणजे मुला, अशी हाक मारायचे. भाकरी मात्र विसरले नाहीत. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी केळीच्या पानात भाकरी घेऊन निघाले. मी मागोमाग. पुतळ्यापाशी थांबून त्यांनी वर पाहिलं.

"हो कोण?"

"आपलो सरदार, बाबा."

"आपलो न्हय हो. आपल्याचो घोडो मेलो होतो."

मग ते वाकून बागेच्या दगडी गडग्याच्या कडेने हाताने चाचपत दगड शोधू लागले. समुद्रावर निघालेले पर्यटक पुतळ्यासमोर फोटो काढत होते. भाकरी घरी परत आली आणि बाबा जेवले नाहीत.

रोज तेच. पेजेचे चार चमचे घ्यायचे, मध्येच आठवण झाली की तोंड मिटायचे. "तो उपाशी आसा." मी खोटं बोलायला लागलो, वाढून आलो म्हणायचो. "खंय वाडलंस? माका दाखय." एकदा तर दुसराच जांभा आणून बागेत पुरला. बाबांनी त्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "माका फसयतंस?" या दुखण्यात भूक जातेच, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. भूक कुणी घालवली ते मला माहीत होतं.

शेवटी एका सकाळी पहार घेऊन गेलो आणि चौथऱ्यावर घाव घालत सुटलो. दोन लाद्या फुटल्या, पहार निसटून पायावर आदळली. गवंडी धावत आला. म्हणाला, "तो फातर काढूचो तर पुतळो पाडूचो लागतलो." पुतळा पाडायची हिंमत माझ्यात नव्हती. लंगडत, घामाने निथळत मी घरी आलो.

बाबा ओट्यावर बसले होते. बाजूला पानात भाकरी. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. महिनाभरात तो चेहरा मी पाहिला नव्हता.

"इलंस? खूप चललंस. पायाक लागलां मरे! बस, जेव."

त्यांनी भाकरी माझ्या हातात दिली. आमच्या घरात ती भाकरी कुणीही कधी तोंडात घातलेली नाही. मी खाल्ली. शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. बाबा समोर बसून बघत राहिले. मग हात धुऊन स्वतः पानावर बसले आणि पोटभर जेवले. ते त्यांचं शेवटचं जेवण.

मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"माजो झील माका सोदीत फिरता. वाटेत गावलो तर सांग तेका, बाबा जेवलो."

सांगतो, म्हणालो.