भातासाठी मॉनिटर

माझे साडू वस्तू विकत घेत नाहीत, वस्तूची परीक्षा घेतात, आणि जव्हारच्या बाजारपेठेतल्या बहुतेक वस्तू आजवर त्यांच्या हातून नापास झालेल्या आहेत. ते दुकानाची पायरी चढताना दिसले की दुकानदार आधी स्टूल पुढे करतो आणि मग त्या दुपारच्या धंद्यावर पाणी सोडतो. एकदा छत्री घेताना त्यांनी दुकानदाराला छत्रीखाली उभं केलं, स्वतः स्टुलावर चढले आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. दुकानदार कोरडा राहिला, पण छत्री काही खपली नाही, कारण तिची मूठ साडूंना 'जरा उद्धट' वाटली. चपलांच्या वेळी नवा जोड घालून ते एसटी डेपोपर्यंत दोनदा जाऊन आले. तिसऱ्या फेरीला मोखाड्याची गाडी लागलेली दिसली म्हणून तीत बसून गेले, आणि संध्याकाळी परत येऊन चपला दुकानदारापुढे ठेवत म्हणाले, "डावी चावते." बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, सांगतात की लग्नाआधी मुलगी बघायला हा माणूस पाच वेळा आला होता, आणि पाचव्या वेळी वडिलांनीच कंटाळून तारीख काढली.

नोकरी त्यांनी शेतीखात्यात केली, तीस वर्षं, आणि सगळी याच डोंगरात. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला जातात. साडूंनी कॅमेरा घेतला आणि भाताच्या मागे लागले. खोडाळा, पोशेरा, आणखी वर डोंगराला चिकटलेले पाडे, जिथे कुणाच्या बांधाआड जुन्या वाणाचं भात उभं असेल तिथे जायचं, लोंबीचा फोटो काढायचा, घरच्या माणसाला नाव विचारायचं आणि वहीत लिहायचं. असे हजारो फोटो त्यांच्या कॉम्प्युटरात साठले होते. तक्रार एकच होती. जुन्या पडद्यावर सगळ्या लोंब्या सारख्याच दिसत. "मास्तर," ते मला म्हणत, कारण मी शाळेत शिकवतो, "शेतात निरनिराळं उभं असतं आणि घरी आणलं की याची खिचडी होते." तेव्हा बारीकातलं बारीक दाखवणारा, फोर-के का काय म्हणतात तसला मॉनिटर घ्यायचा असं ठरलं. या एका वाक्यानंतर दोन वर्षं गेली.

ती दोन वर्षं मी आमच्या ओट्यावर बसून काढली आहेत. अनेक पडदे गळून शेवटी दोन उरले. दोन्ही सत्तावीस इंची, दोहोंवर चित्राचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, तेवढेच. पण एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट. महागाला ते थोरला म्हणत आणि स्वस्ताला धाकटा. थोरल्याचे रंग खरे असतात अशी ख्याती होती आणि त्याची मान हवी तशी वळायची. धाकट्याची मान ताठ आणि पाय जरा लटपटते, पण ठिपके मोजले तर तोही कमी नव्हता. साडू रोज संध्याकाळी येत, एक दिवस थोरल्याची वकिली करत, दुसऱ्या दिवशी धाकट्याची, आणि मी ज्याची बाजू घेईन त्याच्या विरुद्ध बोलत. त्यांनी डेपोतल्या कंडक्टरला विचारलं, शिंप्याला विचारलं, लग्नाच्या जेवणात शेजारच्या पानावरच्या अनोळखी माणसालाही विचारलं. मग एकदा आम्ही मोखाड्यावरून एसटीने नाशिकला दुकानात गेलो. तिथे सगळ्या पडद्यांवर पोपट उडत होते. साडूंनी पोपट थांबवायला लावले, खिशातून पेनड्राइव्ह आणि पिशवीतून भाताची लोंबी काढली, आणि लोंबी पडद्याला लावून धरली. तिथली विक्रेती मुलगी अदबीने म्हणाली, "काका, गेमिंगसाठी बघताय की एडिटिंगसाठी?"

"भातासाठी," साडू म्हणाले.

तिने आम्हाला पाणी दिलं.

नाशकातही निकाल लागला नाही. शेवटी त्यांनी दोन्ही मॉनिटर ऑनलाइन मागवले. दहा दिवसांत एक परत करता येणार होता. जेवणाच्या टेबलावर दोघे शेजारी शेजारी बसले आणि घरची माणसं जमिनीवर जेवू लागली. पहिल्या दोन दिवसांतच माझ्या लक्षात आलं की साडू आता कुणाचीच वकिली करत नाहीत. त्यांना दोन्ही पडदे सारखेच दिसत होते. ताई म्हणाल्या, मग प्रश्नच मिटला, स्वस्तातला ठेवा. पण साडूंना ते पटेना. एवढे लोक थोरल्याला उगीच वाखाणत नसतील, आणि मुख्य म्हणजे खिचडी तशीच होती, थोरल्यावरही आणि धाकट्यावरही. सहाव्या दिवशी त्यांनी ठरवलं की परीक्षक बदलायचा.

पोशेऱ्याच्या एक मावशी दर बाजाराला जव्हारला येतात. साडूंच्या वहीतली निम्मी नावं त्यांनीच सांगितलेली. बाजार आटोपून, डोक्यावरची पाटी दाराशी ठेवून, त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. साडूंनी दोन्ही पडद्यांवर एकच फोटो लावला. खोडाळ्याच्या एका शेतातल्या दोन लोंब्या, वहीत दोन्हींपुढे एकच नाव. मावशींनी धाकट्याकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं, आणि थोरल्यावर बोट ठेवलं.

"हे दोन हायेत, सायेब. या दाण्याच्या टोकाला जांभळं हाय. त्याच्या नाय." मग धाकट्याकडे हात करून म्हणाल्या, "हितं कळत नाय. हितं दोघं भाऊ वाटतात."

साडू थोरल्याच्या इतके जवळ गेले की नाक काचेला लागलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तुम्हाला दिसतंय, मास्तर?"

दिसत होतं. सुईच्या टोकाएवढा, पण स्पष्ट जांभळा ठिपका. मी हो म्हणालो. त्यांनी फोटो आणखी मोठा करून पाहिला. मावशींनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "डोळा दाखवा सायेब. माझ्या डोळ्यात मोती झाला व्हता तवा मला पन सारं मळकं दिसं."

म्हणजे दोन वर्षं या माणसाने मोतीबिंदूचा दोष पडद्यावर घातला होता आणि मोतीबिंदूच्या आडूनच दोन पडद्यांची तुलना चालवली होती. मी हसू आवरत होतो, ताई आवरत नव्हत्या. नवव्या दिवशी साडूंनी धाकट्याला खोक्यात घातलं. तुम्हाला तर फरक दिसत नाही, मग तिप्पट कशाला, असं ताईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मला दिसत नाही हा काय त्याचा गुन्हा आहे? जिला दिसतंय तिच्यासाठी ठेवायचा."

पुढे नाशकात ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डोळ्यात बसवायच्या भिंगातही दोन प्रकार असतात, एक साधं आणि एक महागाचं. हे ऐकून ताईंनी माझा दंड घट्ट धरला. आणखी दोन वर्षं आमच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. पण साडूंनी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. साधं बसवा म्हणाले, आणि लवकर बसवा. त्यांच्या उभ्या आयुष्यातली ती सगळ्यात झटपट खरेदी.

महिन्याभराने त्यांनी मला बोलावून घेतलं. थोरल्यावर तोच फोटो उघडा होता. ठिपका आता त्यांनाही दिसत होता. मला वाटलं खुशीत असतील, पण ते वहीवर हात ठेवून बसले होते. "खोडाळ्याच्या त्या शेतकऱ्याला हाच फोटो बघून मी सांगितलं होतं," ते म्हणाले, "दोन्ही एकच आहेत, वेगवेगळं बी कशाला सांभाळतोस. साहेब म्हणतात म्हणून त्याने ऐकलं असणार."

दुसऱ्याच दिवशी आम्ही खोडाळ्याला गेलो. त्याने ऐकलं होतंच. जांभळ्या टोकाचं भात पेरायचं सोडून त्याला तीन वर्षं झाली होती. त्याच्या बायकोने कणगीच्या तळाशी हात घालून पाहिलं, माळ्यावरची गाडगी खाली काढून पाहिली. मिळालं नाही. तो शेतकरीच साडूंची समजूत घालू लागला, की असू द्या साहेब, त्याला दाण्याचा उतारा कमीच होता. त्यांनी आम्हाला चहा दिला. साडूंनी तो तसाच कढत, न फुंकता प्यायला.

आता ते एकटे फोटो काढायला जात नाहीत. आधी पोशेऱ्याला उतरतात, मावशींना बरोबर घेतात, आणि मगच पुढच्या पाड्याची वाट धरतात. परवा मीही गेलो होतो. बांधावर पोचल्यावर त्यांनी लगेच कॅमेरा काढला नाही. दोन लोंब्या हळूच तळहातावर घेतल्या, मावशींपुढे धरल्या आणि विचारलं, "मावशी, हे एक की दोन?" मावशी काही घाई करत नाहीत. त्या दाणे निरखत होत्या, आणि साडू पेनाचं टोपण काढून, एखाद्या परीक्षार्थीसारखे, त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते.