पान्ह्याचं इंजेक्शन

पोलादपूरहून आंबेनळीकडे जाताना वरच्या अंगाला एक वाडी लागते. गुरांचा डॉक्टर म्हणून तिथे मी वर्षानुवर्षं गेलो. आता निवृत्त झालो आहे आणि तिकडे जायचं टाळतो.

तिथल्या एका घरच्या म्हशीचं पारडू चार दिवसांत गेलं आणि म्हैस दूध चोरू लागली. घरची सून कासेला हात लावायला गेली की लाथ बसायची. शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. मुलगे मुंबईला, आले तर गणपतीला. ती यायची, म्हशीच्या गळ्याखाली खाजवायची, "गो बाय, गेला तो गेला," असं काहीबाही बोलत बसायची. थोड्या वेळाने म्हैस डोळे मिटून पान्हा सोडायची. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ म्हातारीला हाक जायची. चहा व्हायचा, वाटीभर दूध मिळायचं, वर गप्पा.

सुनेला घाई असायची. "डाक्तर, काकी येईपरेंत खोटी होते. कायतरी सुई द्या."

मी दिली. नियमात बसत नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. पण 'डॉक्टर हुशार' हे ऐकायची चटक वाईट. मिनिटभरात धारा सुरू झाल्या. बाटली ठेवून दिली, टोचायचं कसं तेही शिकवलं. वर अंगणात जमलेल्या बायकांपुढे भाषण ठोकलं. मायेने खाजवलं की हेच द्रव्य म्हशीच्या अंगात आपोआप तयार होतं. बाळंतिणीला पान्हा फुटतो तो यानेच. जनावराला जनावराचा, माणसाला माणसाचा जीव लागतो, त्यातही याचा हात आहे.

म्हातारी चहाचा कप धरून ऐकत होती. "म्हंजे माजा काम आता सुई करनार," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसलो.

पुढच्या फेरीला मी तिच्या पडवीत डोकावलो. खंगली होती. एकटीपुरती चूल पेटवावीशी वाटत नाय, म्हणाली. मग म्हणाली, "परवा गेलेली मी गोठ्यात. म्हशीनं मान पुढं केली. पन सून म्हनाली, काकी, दूध काढून झाला."

"बरंच झालं की, तेवढी विश्रांती," मी म्हणालो. इतकी वर्षं मुक्या जनावरांचं दुखणं ओळखण्याचा पगार घेतला आणि बोलत्या बाईचं मला कळलं नाही.

त्याच पावसाळ्यात ती न्हाणीत पाय घसरून पडली. कुणाला पत्ताच नाही. तिसऱ्या दिवशी तिचं दार बंदच का म्हणून कुणीतरी ढकललं, तेव्हा ती गेलेली होती.

मी गेलो तेव्हा सून गोठ्याच्या दारात रडत बसली होती. "डाक्तर, आदी आमी उजाडताच हाक मारायचो तिला. त्याच सकाळी कळला असता वो. वाचली असती."

ती अगदी खरं बोलत होती. चूक माझीही आहे, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी बॅग उचलली आणि "चालायचंच" म्हणालो.